वचनपेटी आणि मातीचे मडके

३१ डिसेंबरची उपासना मध्यरात्रीकडे झुकली की आमच्याकडच्या अनेक मंडळ्यांत एक ताट फिरू लागते. ताटात घडी घातलेली छोटी कार्डे असतात. प्रत्येकाने एक उचलायचे, उघडायचे, शेजारच्याला दाखवायचे. ‘तुम्हाला काय आलं?’ ‘यिर्मया एकोणतीस अकरा.’ ‘अरे वा, चांगलं आलं की!’ मग ते कार्ड वर्षभर पाकिटात, बायबलात किंवा फ्रीजच्या दारावर राहते. ज्यांच्या घरी जुनी पद्धत टिकली आहे त्यांच्याकडे वचनपेटी असते. डबीत उभ्या रचलेल्या कागदाच्या बारीक सुरळ्या, आणि रोज सकाळी चिमट्याने त्यांतली एक काढायची. माझ्या आजीकडे अशी डबी होती. झाकण सैल झाले म्हणून तिने त्याला रबर लावले होते, आणि ते रबर काढण्याचा मान आम्हा नातवंडांना पाळीपाळीने मिळे. तेव्हा या विषयावर लिहिताना मी परक्याच्या अंगणात दगड मारत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा वाद कार्डाशी नाही, कार्डामागच्या मताशी आहे. ते मत आज सातारा-सांगलीच्या घरसभांपासून यूट्यूबवरच्या प्रवचनांपर्यंत इतके पसरले आहे की ते मत आहे याचाच विसर पडला आहे. ते असे: बायबलातले प्रत्येक आश्वासक वचन देवाने आज, मला, माझ्या अडचणीसाठी दिलेले आश्वासन आहे. ते मुळात कोणी, कोणाला, कधी म्हटले याचा शोध पंडितांनी घ्यावा. विश्वासणाऱ्याने ते धरावे, त्यावर हक्क सांगावा.

पूर्वपक्ष असा मांडावा की प्रतिपक्षानेच मान डोलवावी. ज्या वाईत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोशासारखे अवाढव्य काम केले, त्या वाईच्या परिसरात राहून एवढी रीत तरी पाळली पाहिजे. म्हणून या मताची बाजू जितकी बळकट करता येईल तितकी करतो. पहिले, देवाचे वचन जिवंत आहे असे बायबलच सांगते. जिवंत वाणी फक्त मेलेल्यांशीच बोलत असेल तर ती जिवंत कशी? दुसरे, एका वचनाने माणसे बदलल्याचा इतिहास आहे. चौथ्या शतकात ऑगस्टीनने बागेत पुस्तक उघडले, डोळे पडले त्या ओळी वाचल्या, आणि त्याचे आयुष्य फिरले. तिसरे, खुद्द नव्या कराराचे लेखक जुन्या करारातली वाक्ये उचलतात आणि नव्या अर्थाने वापरतात; मत्तयाने होशेयाचे वाक्य असेच घेतले आहे. चौथे, आणि हा मुद्दा मला सर्वांत जड जातो: मिरजेच्या वॉर्डात नवऱ्याच्या खाटेशी रात्रभर बसलेल्या बाईला तुम्ही इतिहास सांगणार की आधार देणार? तिच्या हाती एक ओळ आहे. ती ओळ तिला सकाळपर्यंत नेते. ती हिसकावणारे तुम्ही कोण?

प्रश्न खरे आहेत. त्यांना उत्तर न देता पुढे गेलो तर वाचकाने निकाल माझ्याविरुद्ध द्यावा.

सुरुवात शब्दापासूनच करू. मराठीत ‘वचन’ या शब्दाला दोन पदर आहेत. वचन म्हणजे बोललेले वाक्य. आणि वचन म्हणजे दिलेला शब्द, ‘मी तुला वचन देतो’ यातला. मराठी ख्रिस्ती माणूस बायबलच्या प्रत्येक आकडा घातलेल्या तुकड्याला वचन म्हणतो, आणि नकळत पहिल्या अर्थावरून दुसऱ्यावर घसरतो. वाक्य होते, त्याची शपथ होते. ही घसरण दुसऱ्या भाषांतही झाली आहे, पण आपल्या भाषेने तिला पायऱ्याच बांधून दिल्या. आता हे आकडे कोणी घातले? नव्या कराराला ते १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. अध्याय त्याआधीचे, तेराव्या शतकातले. म्हणजे पौलाने पत्र लिहिले तेव्हा त्यात ‘चौथा अध्याय, तेरावे वचन’ नावाची वस्तूच नव्हती. होते ते पत्र. पत्र कोणी चिमट्याने वाचते काय?

वचनपेटीचा उगमही आपल्या मातीतला नाही आणि बायबलातलाही नाही. जर्मनीत हेर्नहूट इथल्या मोरावियन मंडळींनी १७२८ पासून रोजचे एक वाक्य ठरवायला सुरुवात केली. पुढे ती चिठ्ठ्या काढून निवडली जाऊ लागली. १८८८ मध्ये स्पर्जन या नामांकित इंग्रज उपदेशकाने रोजच्या वचनांच्या आपल्या पुस्तकाला सरळ चेकबुकाचे नाव दिले. मोरावियनांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे: त्यांच्याकडे एका दिवशी साऱ्या समाजाने एकच वाक्य वाचायचे असते. आपल्या ताटात ज्याचे त्याचे कार्ड वेगळे. ज्या मिशनऱ्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांना ग्रामदेवतेला कौल लावण्यापासून परावृत्त केले, त्यांच्याच कपाटातून ही चिठ्ठी आपल्या घरात आली. यात कौल नाही असे कोण म्हणेल? आणि आपल्या मातीची स्वतःची वाचनरीत कोणती? पारायण. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, गटाने, मोठ्याने. ज्ञानेश्वरीचे पारायण लावणारा वारकरी ओव्यांच्या चिठ्ठ्या टोपलीत टाकत नाही.

आता त्या लाडक्या यिर्मया २९:११ कडे वळू. कार्डावर त्याचा आशय असा छापतात: तुमच्याविषयीच्या माझ्या योजना हिताच्या आहेत, अनिष्टाच्या नाहीत, तुम्हाला उत्तरकाल आणि आशा द्यावी असा माझा बेत आहे. दहावीच्या निकालाआधी हे कार्ड फिरते, लग्न जमत नसले की फिरते, व्हिसाच्या अर्जाबरोबर फिरते.

हे वाक्य एका पत्रातले आहे. इ. स. पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमचा राजा, दरबारी आणि कारागीर बाबेलला धरून नेले. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्या निर्वासितांना पत्र पाठवले. त्याच्या एकच अध्याय आधी काय घडते ते पाहा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर उभा राहतो आणि सांगतो: दोन वर्षांत सगळे परत येतील. राजा येईल, भांडी येतील, माणसे येतील. यिर्मयाच्या मानेवर खूण म्हणून लाकडी जू होते, ते हनन्या मोडून टाकतो. लोकांना किती बरे वाटले असेल! यिर्मयालाही वाटले, तो म्हणतो, आमेन, तसेच होवो. आणि निघून जातो. मग देवाचा शब्द येतो की लाकडाचे जू मोडलेस, त्याजागी लोखंडाचे येईल. हनन्या त्याच वर्षी मरतो.

म्हणजे झटपट आशेचे कार्ड वाटणारा माणूस या गोष्टीत आहेच. त्याचे नाव हनन्या आहे. आणि तो खोटा संदेष्टा आहे.

त्यानंतर पत्र येते. पत्राची सुरुवात योजनांनी होत नाही. घरे बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचे फळ खा. मुलाबाळांची लग्ने करा. ज्या नगरात मी तुम्हाला नेले त्याचे कल्याण चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे. मग तुमच्यातल्या स्वप्ने सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका असा इशारा. मग काळ: सत्तर वर्षे. आणि त्यानंतर अकरावे वचन. मूळ हिब्रूत ते ‘की’ या अव्ययाने सुरू होते. उच्चाराने आपल्या ‘की’सारखे, अर्थाने ‘कारण’. जे वाक्य ‘कारण’ने सुरू होते त्याच्या आधीचे वाक्य कापून टाकायचे, याला वाचन म्हणावे की शस्त्रक्रिया? पत्र हाती पडले तेव्हा जो चाळिशीत होता तो परतीच्या वेळी एकशे दहा वर्षांचा झाला असता. त्याला हे वाक्य सांगत होते की तू परत जाणार नाहीस. तुझी नातवंडे जातील.

इथे मराठीची साक्ष काढतो. इंग्रजी वाचकाला एकवचन की अनेकवचन हे कळायला मार्ग नाही. त्याच्याकडे दोहोंना एकच सर्वनाम आहे. आपल्याला ही सबब नाही. मराठी बायबलात देव अब्राहामाशी, मोशेशी, यिर्मयाशी बोलतो तेव्हा ‘तू’ म्हणतो. तो माणसाला आदरार्थी ‘तुम्ही’ म्हणत नाही. यिर्मया २९:११ मध्ये ‘तुम्ही’ आहे. हिब्रूतही अनेकवचनच. आश्वासन एका समाजाला आहे, दोन पिढ्या ओलांडून आहे. ते एकट्याच्या नावावर बारा महिन्यांच्या मुदतीने लिहून घेणारा व्याकरणाशीच भांडतो.

कोणी शास्त्री इथे अडवील: मीमांसेत वाक्य हे प्रकरणापेक्षा बलवान मानले आहे, मग संदर्भासाठी वाक्य का दाबता? आक्षेप चतुर आहे, पण त्याची जागा चुकली. तो क्रम कोणते अंग कोणत्या कर्माचे हे ठरवण्यासाठी आहे. तात्पर्य ठरवायचे तर उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती ही सहा लिंगे पाहावी लागतात. इथला उपक्रम काय? घर बांधा. अभ्यास, म्हणजे पुन्हापुन्हा येणारे काय? खोट्या संदेष्ट्यांपासून सावध राहा. अपूर्व काय? शत्रूच्या नगरासाठी प्रार्थना. ही त्या काळात कोणाला सुचण्यासारखी गोष्ट नव्हती. सहांपैकी एकही लिंग व्हिसाकडे बोट दाखवत नाही.

हे पत्र आपल्या जिल्ह्यात वाचायचेच असेल तर कोयनेच्या खोऱ्यात वाचावे. धरणाने झालेल्या शिवसागराच्या पाण्याखाली गावे गेली, आणि माणसे सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरली. परक्या गावात, परक्या मातीत त्यांनी घरे उभारली, आंबे-फणसांच्या आठवणी काढत दुसरी झाडे लावली. पुनर्वसनाचे प्रश्न सोडवण्यासाठी त्यांच्या नातवंडांना आंदोलने करावी लागली. ज्याला ‘घर बांधा, मळा लावा, परक्या नगराचे भले चिंता’ या शब्दांचे वजन कळते तो माणूस तिथे आहे. आणि तो ख्रिस्ती असायलाच हवा असे नाही.

बाकीची कार्डे मी भराभर उलटतो. ख्रिस्ताच्या सामर्थ्याने मी सर्व काही करू शकतो, हे फिलिप्पैकरांस पत्रातले वाक्य व्यायामशाळेच्या भिंतीवर असते. लिहिणारा तुरुंगात होता आणि आधीच्याच वाक्यात तो सांगतो की उपाशी राहण्यातही मी तरबेज झालो आहे. ‘सर्व काही’मध्ये उपास येतो. पदक येत नाही. तेविसाव्या स्तोत्राच्या कार्डावर हिरवळीचे चित्र असते, इंग्लंडातल्यासारखे. माण-खटावच्या, आटपाडी-जतच्या धनगराला विचारा: हिरवळ कुठे असते? जिथे आज आपण नाही तिथे असते. म्हणून तर वाडा हलवावा लागतो. ते स्तोत्र विश्रांतीचे नसून चालण्याचे आहे. त्यात वाट आहे, दरी आहे, काठी आहे, आणि ताट वाढले जाते तेही वैऱ्यांच्या देखत. हे स्तोत्र ‘मी’चे आहे, हे मान्य. प्रत्येक वचन सामुदायिकच असते असा माझा दावा नाही. दावा एवढाच की ते कोणाचे आहे हे त्यालाच विचारावे.

आता एक प्रश्न थेट वाचकाला. संदर्भातून उचललेले आश्वासन एका व्यक्तीने आपल्या आजच्या अडचणीसाठी वापरावे, असे सुचवल्याचा बायबलातला सर्वांत स्पष्ट दाखला कोणाचा? मत्तयाचा चौथा अध्याय उघडा. मंदिराच्या कळसावर येशूला उभे करून त्याला सांगितले जाते: उडी टाक, कारण देवदूत तुला झेलतील असे लिहिले आहे. एक्याण्णवावे स्तोत्र. वाक्य शास्त्रातलेच आहे, एक अक्षर खोटे नाही. ते सुचवणारा सैतान आहे. येशू ते वाक्य नाकारत नाही. तो दुसरे शास्त्रवाक्य त्याच्याशेजारी ठेवतो आणि उडी टाकत नाही.

या मुद्द्यानंतर मी थांबलो असतो तरी चालले असते. पण कृष्णाकाठी राहणाऱ्याला ऑगस्ट २०१९चा पूर ओलांडून पुढे जाता येत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. त्या दिवसांत यशया ४३:२ मोबाईलवरून किती वेळा फिरले असेल: पाण्यातून जाशील तेव्हा मी तुझ्याबरोबर असेन, नद्या तुला बुडवणार नाहीत. आणि ब्रह्मनाळला बचावाची नावच उलटली. माणसे बुडाली. आता काय करायचे? कार्डाच्या मताने दोनच उत्तरे निघतात: वचन खोटे, नाहीतर बुडालेल्यांचा विश्वास कमी. दुसरे उत्तर देणारे उपदेशक मी ऐकले आहेत. त्यांच्यासमोर बसलेल्या आयांची तोंडेही पाहिली आहेत. ज्या मताला आपली पत राखण्यासाठी मेलेल्या माणसावर दोष टाकावा लागतो, ते मत टिकवण्याच्या लायकीचे आहे काय?

यशया वाचा. इथे सर्वनाम ‘तू’ आहे, पण हा ‘तू’ कोण हे आधीच्याच वचनात नाव घेऊन सांगितले आहे: याकोब, इस्राएल. आणि त्याच्याही आधी, बेचाळिसाव्या अध्यायाच्या अखेरीस, याच याकोबाला आगीने घेरले, जाळले, तरी त्याने मनावर घेतले नाही असे म्हटले आहे. दोन वाक्यांच्या मध्ये अध्यायाचा आकडा आला आणि आपण आधीचे विसरलो. जळलेल्यालाच सांगितले जात आहे की आग तुला भस्म करणार नाही. हे विम्याचे कागदपत्र नाही. उद्ध्वस्त झालेल्या लोकांना तुम्ही लोक म्हणून संपला नाहीत, असे कोणीतरी सांगत आहे. पूर ओसरल्यावर ज्यांनी एकमेकांच्या घरांतला गाळ उपसला, त्यांच्या कामी हे वाक्य अधिक येते.

पेटीचा आणखी एक दोष म्हणजे तिच्यात काय नसते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र कोणाला कधी ‘आले’ आहे? ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. स्तोत्रसंहितेचा सुमारे एक तृतीयांश भाग विलाप आहे. पेटीत तो शून्य. विलापगीतातले ‘दया रोज सकाळी नवी होते’ हे कार्डावर येते. त्याच अध्यायात थोडे पुढे तोंड धुळीला लावावे, कदाचित आशा असेल, असे म्हटले आहे, ते येत नाही. ‘कदाचित’ला कार्डावर जागा नाही. वॉर्डातल्या त्या बाईकडे आता वळतो. तिच्या हातची ओळ मी हिसकावत नाही. तिच्याकडून खरे तर आपण हिसकावले आहे: ओरडण्याचा हक्क, देवाला ‘किती वेळ?’ असे विचारण्याचा हक्क, जो बायबलने तिला पानोपानी दिला होता. आपण तिला गोड सुरळी दिली आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र कपाटात ठेवले. वधस्तंभावर येशूने बाविसाव्या स्तोत्राची एकच ओळ उच्चारली, पहिली. त्या ओळीबरोबर त्याने सारे स्तोत्र हाकारले. एक ओळ अशीही धरता येते. तिच्यातून आत जाता येते.

ऑगस्टीनचे उत्तर राहिले. त्याच्या डोळ्यांसमोर आलेल्या ओळींनी त्याला काही देऊ केले नव्हते. ख्याली-खुशाली सोड, असा हुकूम दिला. त्याच्या आधी तपस्वी अंतोनीने ऐकलेल्या वचनाने आहे ते विकून टाकायला सांगितले. असे कार्ड ताटात ठेवून पाहा, किती हात पुढे येतात. आणि हाच ऑगस्टीन पुढे एका पत्रात लिहितो की सुवार्तेच्या पानांतून सांसारिक कामांसाठी चिठ्ठ्या काढण्याची रीत मला रुचत नाही. साक्षीदार उलटला, प्रतिपक्षाने दुसरा आणावा. मत्तयाने होशेयाचे वाक्य घेतले, हे खरे. पण ते एका लोकसमूहाच्या सुटकेवरून एका पुत्राच्या जीवनाकडे नेताना त्याने मिसरची सारी कथा बरोबर नेली. नारायण वामन टिळकांचेही असेच. १८९३ मध्ये आगगाडीत मिळालेला नवा करार त्यांनी उघडला. त्यांना ज्याने धरले ते मत्तयातले डोंगरावरचे प्रवचन होते, तीन अध्यायांचे सलग. १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ते साताऱ्याला आले, ‘देवाचा दरबार’ मांडला. सारे ख्रिस्तचरित्र मराठीत सलग सांगायचे म्हणून घेतलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले. पत्नी लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे सबंध बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणण्यात घालवली. या माणसांना सुट्या ओळी माहीत नव्हत्या असे नाही. त्यांना सुट्या ओळी पुरल्या नाहीत.

आता दुसरीकडून हल्ला येतो, आणि तो आपल्या सुशिक्षित मित्रांकडून. ते म्हणतात: छान, तुम्हीच सिद्ध केलेत की हे सारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या यहूद्यांसाठी होते, मग सातारकराला त्याचे काय? शिवाय आशा ही गोष्टच कमअस्सल. आपल्या परंपरेने आशेला पाश म्हटले. गीतेत योग्याचे विशेषण ‘निराशी’ आहे. आपल्या बोलीत आशाळभूत ही शिवी आहे.

या मित्रांनी माझे अर्धे काम केले. मराठीत आशा हा पाश आहे, म्हणजे दोर. यिर्मयाच्या त्या वचनातला आशेचा हिब्रू शब्द ‘तिक्वा’. त्याचाही दुसरा अर्थ दोर असाच आहे! यहोशवाच्या पुस्तकात यरीहोची राहाब खिडकीला किरमिजी दोर बांधते, तिथे हाच शब्द येतो. फरक दोराच्या कामाचा. आपल्या संतांनी ज्या दोराची धास्ती घेतली तो गळ्याभोवतीचा. राहाबचा दोर खिडकीबाहेर सोडलेला, कोणाला तरी दिसावा म्हणून. हव्यास आणि आशा हे दोन पदार्थ आहेत, आणि प्रॉमिस कार्डाने त्यांची सरमिसळ केली. तेव्हा संतांचा आक्षेप मला मान्य आहे. तो कार्डावर बरोबर लागू पडतो.

आणि सातारकराला काय, याचे उत्तर रूथच्या पुस्तकात आहे. दुष्काळाने परमुलुखात गेलेली नामी नवरा आणि दोन मुलगे गमावून परत निघते, आणि सुनांना सांगते की मला आशा नाही. ‘तिक्वा’ हाच शब्द. देव तिला एक अक्षरही उत्तर देत नाही. साऱ्या पुस्तकात आकाशवाणी नाही. घडते ते असे की परदेशी सून रूथ सकाळी सरवा वेचायला जाते. सरवा हा शब्द आपल्याकडे कोणाला समजावावा लागत नाही. भुईमूग काढल्यावर, ज्वारी उचलल्यावर मागे राहिलेले वेचणाऱ्या बाया आपण पाहिल्या आहेत. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायाचा कायदा होता: शेताचे कोपरे कापू नका, द्राक्षमळ्यात गळलेले मणी उचलू नका, ते गरिबाला आणि उपऱ्याला राहू द्या. बवाज हा शेतमालक आणखी पुढे जातो. पेंढ्यांतली कणसे मुद्दाम ओढून टाका, आणि तिला बोलू नका, असे तो गड्यांना बजावतो. ‘आशा नाही’ म्हणणाऱ्या बाईच्या घरी त्या संध्याकाळी जवाची रास येते.

तासगावच्या बागाइतदाराने आणि हंगामात बीडहून कोयता घेऊन आलेल्या ऊसतोड जोडप्याने हे प्रकरण एकत्र वाचले तर? त्याचा रोजचा अर्थ कोणा पंडिताने फोडून सांगावा लागेल काय? नामीची आशा बांधाच्या कडेला सोडलेल्या कणसांत होती, आणि ती कोणीतरी सोडली होती. आपल्याकडेही कोणी अशी कणसे सोडली: १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले, १८९७ मध्ये तिथे वैद्यकीय शिक्षण सुरू झाले. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना झाला, वाईत मिशन हॉस्पिटल झाले. ‘तुम्ही बरे झाला आहात’ अशी कार्डे छापणे किती तरी स्वस्त पडले असते.

शेवटचा पुरावा पुन्हा यिर्मयाचाच. ते पत्र बाबेलला पोहोचल्यावर काय झाले याची नोंद त्याच अध्यायात आहे. शमाया नावाच्या माणसाने यरुशलेमला तक्रार धाडली: हा आम्हाला लिहितो की बराच काळ लागेल, घरे बांधा, याला खोड्यात का घालत नाही? पहिल्या वाचकांना पत्र नेमके कळले होते. त्यांनी ते फ्रीजवर लावले नाही, लेखकाला अटक करा म्हणाले. आणि पुढे खरेच, शहराला वेढा पडलेला असताना यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असतो. बत्तिसावा अध्याय. तिथे चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचे माझे शेत तू विकत घे. मुलूख शत्रूच्या घोड्यांखाली. त्या जमिनीला कवडीची किंमत नाही, घेणाऱ्याला ती बघायलाही जाता येणार नाही. यिर्मया सतरा शेकेल चांदी तराजूत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी, जशी रीत होती तशी. मग सर्वांच्या देखत ती दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो आणि सांगतो, ही मातीच्या मडक्यात घालून ठेव, पुष्कळ दिवस टिकली पाहिजेत.